अनवाणी पळाल्यावर गुडघा गप्प आणि पोटऱ्या दगड, असं का होतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं दिसतंय की वय 34, आठवड्यातून चार दिवस पाच-सहा किलोमीटर पळता, बूट जाड गादीचे, आणि गेले चार-पाच महिने गुडघ्याच्या वाटीच्या आसपास दुखतंय. कुणीतरी सांगितलं की बुटांमुळे पायाचे स्नायू झोपून गेलेत, बूट काढ. मग तुम्ही एका सकाळी थेट पाच किलोमीटर अनवाणी पळून आलात, गुडघा अजिबात दुखला नाही म्हणून खूश झालात, आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की तीन दिवस कठडा धरून जिना उलटा उतरत होतात. आता विचारताय की अनवाणी पळताना नेमके कुठले स्नायू काम करतात, बुटांनी इतकी वर्षं पाय कमजोर केले का, आणि आता अनवाणीच पळत राहू का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अठरा वर्षं झाली, आणि पळणारे लोक माझ्याकडे बरेच येतात. तुमच्यासारखी केस वर्षातून पाच-सहा तरी येते. आणि हो, बारा वर्षांपूर्वी मी स्वतः अगदी हेच करून बसले होते, त्याचं पुढे सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून साधारण तुमच्या वजनाच्या अडीच पट जोर येतो, तोही पाव सेकंदाच्या आसपास. तुम्ही मिनिटाला 170 पावलं टाकता असं धरलं तर अर्ध्या तासात 5100 पावलं, म्हणजे एका पायाला 2550 वेळा. बूट घाला नाहीतर काढा, हे ओझं कुठे जात नाही, ते कुणीतरी उचलायचंच असतं. बूट काढल्याने फक्त एवढंच होतं की ते गुडघा आणि नडगीकडून पोटरी आणि तळव्याकडे सरकतं. तुमचा गुडघा गप्प बसला आणि पोटऱ्या बोंबलल्या, यात दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या नाहीत, एकच घडलीय.

आता हे सरकतं कसं ते बघू. जाड गादीचा बूट घालून आरामात पळणारे बहुतेक लोक टाचेवर उतरतात, पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडतं, गुडघा जवळजवळ सरळ असतो. टाच टेकली की जमिनीचा जोर घोट्याच्या मागच्या बाजूने लागतो आणि चवडा खाली आपटू पाहतो. तो आपटू नये म्हणून नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो लांब स्नायू आहे, टिबिअ‍ॅलिस अँटिरिअर, तो ब्रेक लावतो. हा स्नायू पाऊल हवेत असतानाच चवडा वर उचलून धरतो आणि टाच टेकल्यावर हळूहळू सोडतो. खूप दिवसांनी भरभर चालल्यावर नडगीच्या बाजूला जे भरून येतं ना, तो हाच. मग सगळा भार गुडघ्यावर येतो, तिथे मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, गुडघा वाकता वाकता धरून ठेवतो. तो वाटीवरून ओढून काम करतो, त्यामुळे वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. तुमचं दुखणं बहुधा तिथलंच आहे, बघितल्याशिवाय खात्रीने सांगत नाही.

आता बूट काढा. कडक जमिनीवर टाच दोन-चार वेळा आपटली की शरीर न सांगता शहाणं होतं. पावलं छोटी होतात, भरभर पडतात, पाय शरीराच्या जवळ पडतो, गुडघा टेकतानाच थोडा वाकलेला असतो, आणि बऱ्याच जणांचा चवडा किंवा पूर्ण तळवा आधी टेकतो. चवडा आधी टेकला की जमिनीचा जोर घोट्याच्या पुढच्या बाजूला लागतो आणि टाचेला खाली ढकलतो. टाच धाडकन खाली जाऊ नये म्हणून आता ब्रेक कोण लावणार? पोटरी. नडगीवाल्याचं काम एकदम हलकं होतं आणि पोटरीवाल्याचं वाढतं. शिवाय पोटरी पाय टेकण्याच्या आधीपासूनच ताणून तयार राहायला लागते, स्नायूंना इलेक्ट्रोड लावून मोजलं की अनवाणी पळताना पोटरीचं हे आधीपासूनचं काम जास्त दिसतं.

पोटरी म्हणजे एक स्नायू नाही हे पण लक्षात घ्या, कारण पुढे व्यायामात उपयोग आहे. वरून दिसतो तो दोन फुगीर भागांचा गॅस्ट्रोक्नेमियस, तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्या खाली चपटा, रुंद सोलियस असतो, तो गुडघा ओलांडतच नाही. पळताना खरा हमाल सोलियस आहे पण आरशात दिसत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. दोघं मिळून खाली टाचेच्या मागच्या ॲकिलीस टेंडनला (स्नायू हाडाला बांधणारी जाड दोरी) जोडतात आणि पळताना त्या टेंडनवर वजनाच्या सहा ते आठ पट ओढ येते.

तुमच्या पोटऱ्या एवढ्या का धरल्या याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे वर सांगितलेलं ब्रेकचं काम. स्नायू लांब होत होत जोर धरतो तेव्हा त्याच्या आतल्या धाग्यांना बारीक इजा होते आणि ते दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत चढतं. उतारावरून पळाल्यावर मांड्या धरतात तोच प्रकार. दुसरं कारण बुटाच्या टाचेचं. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण 10 ते 12 मिलिमीटर उंच असते. म्हणजे वर्षानुवर्षं तुमची पोटरी थोड्या आखूड लांबीत काम करत आली. बूट काढले आणि एका दिवसात तिला जास्त काम, तेही जास्त लांबीत, आणि तेही अडीच हजार वेळा! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तुम्ही तर दुखऱ्या गुडघ्याला बांधलंत. (रागावू नका, मी पण तेच केलं होतं.)

गुडघा का दुखला नाही हे आता कळलं असेल. पाय शरीराजवळ पडतो, टेकल्यानंतर गुडघा कमी वाकतो, क्वाड्रिसेप्सला कमी ओढावं लागतं, वाटीवरचा दाब कमी होतो. तेच धावपटू बूट घालून आणि काढून पळवले तेव्हा अनवाणीत वाटीच्या सांध्यावरचा ताण साधारण 12 टक्क्यांनी कमी दिसला असा अभ्यास आहे. 12 टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण सांधा जेमतेम सहन करण्याच्या सीमेवर असेल तर तेवढ्यात तो सीमेच्या आत येतो. अर्थात तुम्ही त्या दिवशी घाबरत घाबरत, नेहमीपेक्षा हळू पळाला असाल तर त्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय अनवाणीला देऊ नका.

मांडीचा मागचा स्नायू आणि नितंबाचे स्नायू यांच्यात काही फार मोठा फरक पडत नाही. "बूट काढले की ग्लूट्स जागे होतात" वगैरे व्हिडिओत सांगतात, माझ्या अनुभवात ते स्पीड आणि चढ यावर कितीतरी जास्त अवलंबून असतं. चढावर पळा, होतील जागे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बुटांमुळे पाय झोपतात का. इथे मला जरा थांबून लिहायचंय कारण इथेच सगळ्यात जास्त बनवाबनवी चालते. तळव्यात छोट्या स्नायूंचे चार थर असतात. तळव्याची कमान ही स्प्रिंग आहे, पाऊल पडलं की दबते, उचलताना परत उसळते. 1987 साली ब्रिटिश संशोधकांनी हिशोब मांडला होता की पळताना प्रत्येक पावलाला शरीराची जेवढी हालचालीची ऊर्जा आधी जिरते आणि मग परत लागते त्यातली साधारण 35 टक्के ॲकिलीस टेंडन साठवून परत देतो आणि 17 टक्के कमान. म्हणजे अर्धं काम जवळपास फुकटात होतं. तर लोकांचा तर्क असा की बूट कमानीला आधार देतो, स्प्रिंग वापरात राहत नाही, तळव्याचे स्नायू आळशी होतात. ऐकायला अगदी पटतं, मी स्वतः पेशंटना हे सांगायचे.

मग 2016 मध्ये एक अभ्यास आला ज्यात तळव्याच्या या छोट्या स्नायूंमध्ये बारीक तारा घालून पळताना मोजमाप केलं. बुटात कमान कमी दबली, हे अपेक्षेप्रमाणे. पण स्नायूंचं काम कमी होण्याऐवजी जास्त निघालं! मला ते वाचून खरंच धक्का बसला होता. त्याचं स्पष्टीकरण असं की पाय म्हणजे अशी स्प्रिंग आहे जी स्वतःचा कडकपणा बदलू शकते. खाली मऊ असलं की पाय कडक होतो, खाली कडक असलं की पाय मऊ होतो, दोन्ही मिळून एकूण उसळी तेवढीच राहावी म्हणून. बुटाची गादी म्हणजे खाली मऊ, म्हणून तळव्याचे स्नायू कमान जास्त घट्ट धरतात. तेव्हा "झोपलेले" हा शब्द सोडा. त्यांना वेगळ्या प्रकारचं काम करायची सवय लागलेली असते, एवढंच म्हणता येईल.

तरी पण तळवा मजबूत करता येतोच, आणि त्यासाठी पळायची पण गरज नाही. 2019 च्या एका अभ्यासात लोकांना आठ आठवडे पातळ सोलचे बूट घालून नुसतं चालायला लावलं, पळणं त्यांचं नेहमीच्याच बुटात. तळव्याचे स्नायू आकाराने आणि ताकदीने वाढले, आणि ज्यांनी तळव्याचे खास व्यायाम केले त्यांच्याइतकेच वाढले. हे मला फार आवडतं कारण चालण्यात जोर कमी असतो, हाडांना वेळ मिळतो.

हाडांवरून आठवलं, माझं. तेव्हा मी पण मोठ्या उत्साहात बूट काढले, पहिला आठवडा पोटऱ्या धरल्या, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या सरावल्या आणि मला वाटलं जिंकलं, सरळ आठ किलोमीटरवर गेले. पाचव्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, बोट ठेवलं की एकाच ठिकाणी कळ यायला लागली. हाडाला सूज होती, अजून थोडं पळले असते तर बारीक फ्रॅक्चर झालं असतं. सहा आठवडे पळणं बंद. आणि दुसऱ्यांना सांगायचा माझा धंदाच हा! 2013 मध्ये एमआरआय काढून केलेला एक अभ्यास आला, त्यात सरावलेल्या धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू बोटं असलेल्या पातळ बुटांवर आणलं होतं, आणि त्या गटातल्या 19 पैकी 10 जणांच्या पावलाच्या हाडात सूज वाढलेली दिसली. वाचून म्हटलं चला, मी एकटीच मूर्ख नव्हते.

हे होतं कारण प्रत्येक टिश्यूचं घड्याळ वेगळं आहे. स्नायू काही आठवड्यांत सरावतो. टेंडनला महिने लागतात. हाड तर गंमतच करतं, नवीन ओझं आलं की आधी जुनं थोडं खरवडून काढतं आणि मग नवीन भरतं, त्यामुळे मधले काही आठवडे ते आधीपेक्षा कच्चं असतं. नेमकं त्याच वेळी पोटऱ्या दुखायच्या थांबलेल्या असतात आणि माणूस जोर वाढवतो. पोटरीचं दुखणं निदान ओरडून सांगतं, हाड शेवटपर्यंत गप्प बसतं.

आणखी एक गैरसमज, की बूट काढला म्हणजे माणूस आपोआप चवड्यावर पळतो. 2010 मध्ये हार्वर्डच्या डॅनिएल लीबरमन यांच्या टीमचा पेपर गाजला, त्यात लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुतेक चवड्यावर किंवा पूर्ण तळव्यावर उतरताना दिसले आणि टाचेचा तो पहिला दणका त्यांच्यात जवळजवळ दिसत नव्हता. इथून अनवाणी पळण्याच्या लाटेला जोर आला. पण 2013 मध्ये उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास झाला, तेही जन्मापासून अनवाणी, आणि स्वतःच्या आरामाच्या वेगात पळताना त्यांच्यातले 72 टक्के टाचेवरच उतरत होते. वेग वाढवल्यावर टाचेचं प्रमाण कमी झालं. म्हणजे वेग, जमीन, सवय, किती लांब पळताय, सगळ्यावर अवलंबून आहे. तुम्ही कसे उतरता ते मला इथून कळणार नाही, कुणाला तरी बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. एक नक्की बघा: चवडा टेकल्यावर टाच खाली येऊन हलकी टेकते का? बरेच जण "चवड्यावर पळायचं" ऐकून टाच हवेतच ठेवतात, नाचल्यासारखं, आणि मग पोटरीला क्षणभरही सुट्टी मिळत नाही. तीन दिवस जिना उलटा, हे ऐकून मला तुमच्याबद्दल हीच शंका आहे.

वेगासाठी काय चांगलं असंही तुम्ही शेवटी विचारलंय, ते पटकन. बुटाच्या दर 100 ग्रॅमला ऊर्जेचा खर्च साधारण एक टक्का वाढतो. पण गादीमुळे स्नायूंचं काम थोडं वाचतं, त्यामुळे हलक्या बुटात आणि अनवाणीत शेवटी फारसा फरक उरत नाही. अबेबे बिकिला 1960 च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद, आणि 1964 ला टोकियोत बूट घालून जिंकला, तेही तीन मिनिटं कमी वेळात. दोन्ही बाजूचे लोक त्याला आपला म्हणतात.

आता तुम्ही काय करायचं. तुमची मूळ तक्रार गुडघ्याची आहे, ती विसरू नका, नाहीतर आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं व्हायचं. अनवाणीमुळे गुडघ्याला जो आराम मिळाला त्यातला मोठा भाग छोट्या आणि भरभर पावलांचा आहे, आणि ती पावलं बूट घालून पण टाकता येतात. तुमची मिनिटाची पावलं मोजा आणि वेग तोच ठेवून ती पाच टक्क्यांनी वाढवा, 160 असतील तर 168. मोबाइलवर मेट्रोनोम (ठराविक तालात टिकटिक करणारं ॲप) लावा. पहिले दोन आठवडे विचित्र वाटेल, धाप पण थोडी जास्त लागेल. मी वाटी दुखणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आधी हेच देते, आणि बऱ्याच जणांना बूट काढायची वेळच येत नाही. पण पोटरीवर थोडं काम यानेही वाढतं म्हणून सोबत पोटरीचा व्यायाम हवाच.

तो असा: पोटऱ्या पूर्ण मोकळ्या झाल्यावर एका पायावर उभं राहून टाच उचलायची, वर एक सेकंद, खाली येताना तीन सेकंद. गुडघा सरळ ठेवून केलं की वरचा स्नायू जास्त लागतो, गुडघा वाकवून केलं की सोलियस. दोन्ही करा, एक दिवसाआड. मी साधारणपणे एका पायावर सलग 25 वेळा नीट जमल्याशिवाय कुणाला अनवाणी पळू देत नाही. कुणी म्हणेल हा आकडा जरा कडक आहे, असू दे. टेंडन जिथे टाचेला चिकटतो तिथेच दुखत असेल तर पायरीवरून टाच खाली सोडून करू नका, सपाट जमिनीवरच करा.

त्याबरोबर घरात अनवाणी किंवा पातळ सोलमध्ये चालणं वाढवा, महिनाभर एवढंच. मग नेहमीच्या रनच्या शेवटी, बूट काढून एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं पाच वेळा. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. दर आठवड्याला थोडंच वाढवा. जमीन सपाट, स्वच्छ आणि थोडी कडक घ्या. लोक हिरवळ शोधतात पण हिरवळ लाड करते, टाच आपटली तरी कळत नाही आणि खाली काय टोचेल तेही दिसत नाही. कडक जमीन लगेच शिकवते.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल, आधी पावलाच्या हाडाचं फ्रॅक्चर झालेलं असेल, ॲकिलीस आत्ता दुखत असेल किंवा अंगठा वर वाकतच नसेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करायचा नाही. आणि पावलाच्या वर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ आली, किंवा एका पायावर उडी मारताना तिथे दुखलं, तर त्याच दिवशी पळणं थांबवून डॉक्टरकडे जा. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल दिसली तर ते व्यायामाचं दुखणं समजून चोळत बसू नका, शिरेत गुठळी असू शकते, लगेच दाखवा. तुमच्या दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखल्या आणि तीन दिवसांत उतरल्या म्हणून मी निर्धास्त आहे.

सध्या एक आठवडा नेहमीचे बूट, नेहमीचं अंतर निम्मं, आणि मेट्रोनोम. आठवड्याने एका पायावर किती वेळा टाच उचलता येते ते मोजा, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं, आणि गुडघा कुठल्या बाजूचा दुखतो तेही लिहा, ते तुम्ही सांगितलंच नाहीये. ते आकडे बघून पुढचं सांगते.